धानखेडचा गोल ओटा

धानखेडला बसायला जागा नव्हती असं नाही. जागा रग्गड होती, पण ती सगळी कुणाची ना कुणाची होती. मेहकरहून बीबीकडे जाणारी गाडीवाट गावातून जाई आणि तिच्या दोन्ही अंगांना घरांचे ओटे ढेरीसारखे पुढे आलेले. किसनराव पाटलाचा ओटा छातीइतका उंच. शालिग्राम जोश्याचा त्याहून थोडा खाली. हबीब कापूसवाल्याचा आणखी खाली. असे उतरत उतरत ओटे जिथं संपत, तिथून पुढं महारवाडा. तिथल्या माणसानं गावात बसायचंच नव्हतं. उभं राहून काम ऐकायचं, उभं राहून शिव्या खायच्या आणि उभ्यानंच परतायचं. बायांचंही तेच. बाई ओट्यावर बसली तर घराण्याचं काय पडतं ते कुणी सांगत नसे, पण काहीतरी पडत असे. गावातल्या अर्ध्याहून जास्त माणसांना जन्मभर उभं ठेवणाऱ्या या व्यवस्थेला धानखेडात रीतभात म्हणत.

या गावात सगळ्यांना बसता येईल असा चौक बांधावा, हे खूळ उत्तमरावांच्या डोक्यात आलं.

उत्तमराव सडक खात्यातून पेन्शनीवर आलेले सब-ओव्हरसियर. साऱ्या नोकरीत त्यांनी मोऱ्या बांधल्या. मोरी नीट असली की लोक तिच्यावरून गाडी हाकत निघून जातात. ती फुटली की मग बांधणाऱ्याची आठवण काढतात, तीही आईवरून. मरायच्या आधी एक तरी असं बांधकाम करावं, की ज्यावर माणसं थांबतील, बसतील, दोन शब्द बोलतील, एवढीच त्यांची इच्छा होती. एवढ्याशा इच्छेनं माणूस किती गोत्यात येऊ शकतो ते सांगायचं म्हणूनच ही गोष्ट सांगायची.

त्यांनी नकाशा काढला. मधे लिंबाचं झाड आणि भोवती दगडी ओटा, गोल. गोलाला वरचं टोक नसतं, खालचं टोक नसतं. कुणी कुठंही बसला तरी तो मधेच बसला. नकाशा बुलढाण्याला गेला. तेव्हा वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेलं होतं, त्यामुळं बुलढाण्याला जे कळत नसे ते नागपूरला पाठवायची सोय झाली होती. नागपूरहून विचारणा आली की ही वस्तू पाण्याच्या सदराखाली येते, गुरांच्या, की धर्माच्या. उत्तमरावांनी कळवलं, माणसांच्या. तसं सदरच नसल्याचं उत्तर आलं.

मग प्लेग आला, आणि सरकारला एकाएकी हवा-उजेड आवडू लागला.

गाव उठलं. नदीच्या पल्याड माळावर तट्ट्यांच्या झोपड्या पडल्या. मागं धाब्याच्या घरांना वरून भोकं पाडून ऊन आत सोडलं, भिंतींवर चुना मारला आणि दारांना कुलपं लागली. सफाई कमिटीला हुकूम आला की रस्ते मोकळे करा, पुढं आलेली बांधकामं पाडा. कमिटीचा अध्यक्ष किसनराव पाटील. उत्तमराव नकाशा घेऊन त्याच्या झोपडीत गेले, तेव्हा पाटील दाराकडं पाठ करून बसला होता. त्याची बायको तानुबाई जाऊन थोडेच दिवस झाले होते. हबीबचे अब्बा रहेमतुल्ला गेले होते, जोश्याचा थोरला भाऊ गेला होता, महारवाड्यातल्या अर्जुनची माय गेली होती. प्लेगला ओट्यांची उंची कळत नाही.

"काय पाडा लागते ते पाडा," पाटील न वळता म्हणाला, "मले इचारू नका."

यात स्वतःचा ओटा त्यानं धरलेला नसणार, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. उत्तमरावांना कळलं नाही. त्यांची रेषा सरळ होती आणि पाटलाचा ओटा तिच्या आत येत होता. गवंडी-मजूर आले, सगळे ओटे फोडले आणि त्यांच्याच दगडांचा लिंबाभोवती गोल ओटा उभा राहिला. पाटलाच्या दगडाला हबीबचा दगड, त्याला जोश्याचा. चुन्यानं सांधले आणि वरून घोटून गुळगुळीत केले.

मजूर गेले. भर दुपारी उत्तमराव एकटेच छत्री घेऊन पाहायला आले.

रिकामं गाव ज्यानं पाहिलं नाही त्याला ते सांगून उपयोग नाही. चिडीचूप म्हणावं तर तसंही नसतं. कुठंतरी चुना सुटून पडतो. एखादं दार कुलपासकट हलतं. फटीतून आत पाहिलं तर धाब्याच्या भोकातून पडलेलं ऊन नेमकं चुलीवर बसलेलं, घरात उरलेल्या एकुलत्या एका माणसासारखं. कुत्रीही माळावर गेलेली. उत्तमराव गोल ओट्यावर टेकले. दगड गार होता. त्यांना फार बरं वाटलं आणि उद्घाटनाच्या दिवशी आपण कसं बोलायचं याची तालीम करण्याची दुर्बुद्धी झाली.

ते उठले, उपरणं नीट केलं आणि मोकळ्या ओट्याकडं हात करून म्हणाले, "या, बसा. सगळे बसा. इथं कोनाची मालकी नाई. बाया, मान्सं, पल्याडचे, अल्याडचे, सगळे बसा."

रिकाम्या जागी माणसाचा आवाज घुमतो. मोऱ्या बांधणाऱ्याला हे चांगलं माहीत असतं. हा आवाज घुमला नाही. लग्नाच्या मांडवात, माणसं खेटून बसलेली असताना, हाक जशी अंगांत आणि कपड्यांत जिरून जाते तशी जिरली.

उत्तमरावांनी छत्री उचलली. झोपडीत पोचले तेव्हा धोतराचा सोगा काट्याला फाटलेला होता.

"ऊन लागलं," ते बायकोला म्हणाले.

"ऊन लागलेला मानूस मागं पाहत पाहत येते का?" मनकर्णाबाई म्हणाल्या आणि गुळाचं पाणी त्यांच्यापुढं ठेवलं.

थंडी सरली, प्लेग उतरला, गाव परतलं. परतलं ते आधी दारातच अडकलं. ओटे गेले म्हणजे त्यांच्यासोबत पायऱ्याही गेल्या, हे सरळ रेषेच्या नादात उत्तमरावांच्या ध्यानात आलं नव्हतं. ज्याचा ओटा जितका उंच होता तितकं त्याचं दार आता अधांतरी. गरिबाला काही जड गेलं नाही, त्यानं पाय उचलून टाकला. जोश्याला सोवळं सावरत उडी मारावी लागे. पाटलाच्या दाराखाली एक मोडकी बैलगाडी आणून लावली. तिच्यात पाटील आधी उतरे, मग गाडीतून खाली उतरे.

"उत्तमराव," तो गाडीतून म्हणाला, "मी घरातून बाहेर येऊन राह्यलो का कोनाच्या लग्नाले निघून राह्यलो?"

"हवा मोकळी झाली, पाटील."

"झाली ना. धोतरातून जाते."

पण ही कटकट फळ्या-दगडं लावून मिटली असती. खरी गोष्ट संध्याकाळी सुरू झाली. गडी माणसं सवयीनं बाहेर पडली. ओटे नाहीत म्हटल्यावर लिंबाकडं आली आणि गोल ओट्याच्या भोवती उभी राहिली. नुसती उभी. कुणी बोलेना, कुणी टेकेना. दिवेलागणीला जशी आली तशी निघून गेली. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. अख्खं गाव मयताला आल्यासारखं गोल करून उभं, आणि मधे लिंबाची पानं पडताहेत.

उत्तमरावांच्या जिवाला फार लागलं. त्यांनी हबीबला बाजूला घेतलं. हबीब मलकापूरच्या कापसाच्या बाजारात उठबस असलेला, चार ठिकाणचं पाहिलेला.

"हबीबभाई, काऊन कोनी बसत नाई?"

"असं हाय उत्तमराव, माह्या ओट्यावर तुमी आले तर मी म्हन्तो या, बसा. तुमच्या ओट्यावर मी आलो तर तुमी म्हन्ता. इथं म्हननार कोन? बिनबोलावता मानूस बसन कसा? इज्जतीचा सवाल हाय."

उत्तमरावांना हायसं वाटलं. एवढंच ना. ते त्याच संध्याकाळी लिंबाखाली उभे राहिले आणि मोठ्यानं म्हणाले, "या मंडळी, मी म्हन्तो. बसा."

कुणी हललं नाही. माणसं ओट्याकडं पाहत होती आणि मग एकमेकांची नजर चुकवत होती. लांब, नालीच्या पलीकडं, जिथं उभं राहायची त्याला मुभा होती तिथून अर्जुन बोलला. त्याच्या आवाजात भीती नव्हती, अदब होती.

"मालक, बसाचं कुठी? जागा तं भरेल हाय."

"कोन बसलं हाय रे? रिकामा ओटा दिसते."

"माही माय बसेल हाय ना. थे पाहा, फांदीच्या खाली. जोशीबुवाच्या भावाजवळ."

जोश्याच्या तोंडाचा रंग गेला. त्यानं 'खोटं' म्हटलं नाही. तो म्हणाला, "जवळ नाई. मधे हातभर जागा हाय." आणि मग आपण काय बोललो ते कळून त्यानं जानव्याला हात लावला.

हबीब फांदीच्या दुसऱ्या बाजूला पाहत होता. त्याचे ओठ हलत होते. "अब्बा," तो हळूच म्हणाला, "टोपी घालून बसले."

ज्याचं त्यालाच दिसत होतं, दुसऱ्याचं कुणाला नाही. सासू, पोर, भाऊ, गाडीवान, सगळे उत्तमरावांच्या गोल ओट्यावर खेटून बसलेले. कुणी बोलावलं तर यायचं, ही रीत मेलेल्यांनी पाळली होती. भर दुपारी त्यांना कुणी एकानं बोलावलं होतं, आणि बाया, माणसं, पल्याडचे, अल्याडचे असं एकेकाला धरून बोलावलं होतं. जन्मभर ज्यांना कुणी बसा म्हटलं नाही, ती मेल्यावर का सोडतील?

किसनराव पाटील बराच वेळ एकाच दगडाकडं पाहत होता. मग तो उत्तमरावांच्या कानाशी येऊन कुजबुजला, "डोक्यावर पदर नाई तिच्या."

"कोनाच्या?"

"माह्या घरच्या. भर चौकात बसली हाय, अन् केस मोकळे."

यानंतर धानखेडनं जे केलं ते फक्त धानखेडच करू जाणे. दुसरं गाव असतं तर घाबरलं असतं, अंगारे-धुपारे केले असते. इथं तक्रारी सुरू झाल्या. मेलेली माणसं बसलीत याबद्दल कुणाचं काही म्हणणं नव्हतं. कुणाच्या शेजारी बसलीत, याबद्दल होतं. जोश्यानं कमिटीकडं मागणी केली की भावाला तिथून हलवून वेगळा दगड द्यावा. कमिटीतला एक वकील म्हणाला की मयताला स्थावरावर हक्क सांगता येत नाही. जोशी म्हणाला, मग विटाळ तरी होतो का ते सांगा. वकिलानं सांगितलं की तो मुद्दा नागपूरला विचारावा लागेल. कुणी म्हणालं, ओट्याला दोरी बांधून भाग पाडा. कुणी म्हणालं, गोल आहे, भाग पाडायला टोकच सापडत नाही. हे या उत्तमरावानं मुद्दाम केलं.

हबीबवरही बोलणं आलं. त्याचे अब्बा पाटलीणबाईच्या बाजूला दोन दगड सोडून बसलेत, त्यांना उठव.

"मी कसा उठवू?" हबीब म्हणाला. "जितेपनी माहं कधी ऐकलं नाई त्यायनं. अन् नमाजाची येळ सोडली तर ते हलतच नाईत. खुश हायेत, मी पाह्यलं."

या साऱ्या गदारोळात एक माणूस आतून करपत होता. ओटा ज्यानं बांधला, बोलावणं ज्यानं केलं, त्या उत्तमरावांना कुणीही दिसत नव्हतं. पेन्शनी माणसाचा याहून मोठा अपमान कोणता? सारं गाव त्यांच्या बांधकामावर बसलेली माणसं पाहत होतं आणि त्यांना नुसता चुना दिसत होता.

"आपलं कोनी गेलं नाई म्हनून दिसत नाई," मनकर्णाबाई म्हणाल्या. "त्याचं काय वाईट वाटून घेता? पन एक सांगा. बाया कशा बसल्या हायेत?"

"मले काय माहीत? पाटील म्हन्ते, केस मोकळे सोडून."

मनकर्णाबाई भाकरी थापता थापता थांबल्या. "तानुबाई कपाशीची वेचणी करून आली का पाठ धरून उभी राहे. दारातच. आत सासरा, बाहेर नवरा. बसली नाई कधी माह्यासमोर." मग पुन्हा थापायला लागल्या, जरा जोरातच.

बुलढाण्याहून साहेब प्लेगनंतरची कामं पाहायला येणार असं कळलं आणि पाटलानं उत्तमरावांना बोलावून निकाल दिला. तो गाडीत बसला होता आणि उत्तमराव खाली उभे होते.

"साहेब येईन तवा ओटा रिकामा दिसन अन् गाव बाजूले उभं दिसन. मंग म्या काय सांगू? तुमी बसवलं, तुमीच उठवा. साऱ्यायले. उठले नाईत तर फाटक लावतो अन् कोंडवाडा करतो. गोल तं हायेच. गुरं बसतीन."

उत्तमरावांचं सारं आयुष्य त्या एका गोलात आलं होतं. उठवलं नाही तर शेणानं भरलेला कोंडवाडा, आणि धानखेडची गुरं सोडवायला येणारा प्रत्येक जण त्यांचं नाव घेणार, आईवरून. ते रात्रभर कूस बदलत राहिले.

साहेब यायच्या दिवशी सकाळी ते स्वच्छ उपरणं घालून लिंबाखाली गेले. सारं गाव पाहत होतं. उंच दारांतून पाय खाली सोडून माणसं बसलेली, छपरावरच्या चिमण्यांसारखी. पाटील गाडीत उभा. अर्जुन आणि त्याच्या वाड्यातली माणसं नालीपलीकडं.

उत्तमरावांनी घसा साफ केला. 'उठा' म्हणायचं होतं. हा शब्द त्यांच्या सवयीचा होता. सडकेवर विसावलेल्या मजुरांना, मोरीच्या कठड्यावर टेकलेल्या वाटसरूंना, साहेबाची घोडी येताना झाडाखालच्या बायांना, साऱ्या नोकरीत त्यांनी हेच म्हटलं होतं. 'बसा' म्हणून आयुष्यात एकदाच म्हटलं, आणि तेवढं एकदाच त्यांचं कुणी ऐकलं होतं. त्यांनी गोल ओट्यावरून नजर फिरवली. चुना, दगड, दोन पानं. दुसरं काही नाही. पण आवाज काढायच्या आधीच त्यांना कळलं की समोरचा गोल त्यांच्याकडं तोंड वर करून पाहतो आहे.

"मंडळी," ते म्हणाले, आणि आवाज जिरला. "जरा सरकून घ्या. अजून मान्सं येऊन राह्यली."

कापडावर कापड घासल्यासारखा आवाज झाला. ओट्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, म्हणजे जिथून निघाला तिथंच परत. लिंबाचं एक पान मधल्या दगडावर पडलेलं होतं, ते हळूच सरकत सरकत बाजूला गेलं. वारा नव्हता.

मग मनकर्णाबाई आल्या. पदर खोचलेला, हाताला पीठ. साऱ्या गावादेखत त्या ओट्याशी गेल्या, एका मोकळ्या जागेपुढं थांबल्या, आणि बाजूच्या रिकाम्या दगडाकडं पाहून "अंग चोरू नको वं तानुबाई, पुरते मले" म्हणून बसल्या.

त्यानंतर अर्जुन नाली ओलांडून आला. 'कुठी चालला बे' असं कुणीतरी दारातून म्हणालं, पण तो आपल्या मायकडं पाहत चालला होता, त्याला ऐकू गेलं नाही. बसला आणि त्यानं डोकं बाजूला टेकवलं, हवेवर, आणि ते पडलं नाही. हबीब गेला. बाया एकेक करून दारांतून उड्या टाकून आल्या. जोशी पुष्कळ वेळ येरझाऱ्या घालत राहिला. शेवटी भावाजवळ गेला आणि म्हणाला, "तिकडून नको, या अंगानं जागा दे." आणि त्या अंगानं बसला. विटाळाचं नागपूरहून उत्तर यायचं होतं, तोवर बसायला हरकत नव्हती.

साहेब आला तेव्हा ओटा भरलेला होता. मधे मधे एकेका माणसाची जागा सुटलेली, पण भरलेला. गाव हळू आवाजात बोलत होतं. प्लेग आल्यापासून गावात असं बोलणं कुणी ऐकलं नव्हतं. पाटील तेवढा साहेबाच्या बाजूनं, उभा. साहेबानं काठीनं चुना ठोकून पाहिला, काम बरं आहे म्हणाला आणि गोलाला वळसा घालून निघाला. निघता निघता एका सुटलेल्या जागेपुढं तो थांबला. तिथं कुणी नव्हतं. डावीकडं मनकर्णाबाई, उजवीकडं दोन दगड सोडून हबीबच्या अब्बांची जागा. साहेबानं त्या मोकळ्या जागेला मान लववली आणि मड्डमेला करावं तसा टोप उचलला. मग घोड्यावर बसून गेला.

कोंडवाड्याचं नाव पुढं कुणी काढलं नाही.

गाव पांगलं तेव्हा ऊन उतरलं होतं. उत्तमराव एकटेच मागं राहिले, आपल्या चुन्याकडं पाहत. तेवढ्यात किसनराव पाटील गाडीतून उतरला आणि कुणी पाहत नाही असं समजून ओट्याशी आला. साहेबानं टोप उचलला त्या जागेपुढं उभा राहिला. आजूबाजूला चार-चार माणसं बसतील एवढी मोकळी जागा होती.

"सरक," तो म्हणाला.

मग त्यानं डोक्यावरचा फेटा काढून हातात घेतला. "सरकतं का थोडी," तो म्हणाला. आवाज साधा होता, घरात चढायचा तसा नव्हता.

उत्तमराव बराच वेळ वाट पाहत होते. पाटील बसेना. शेवटी ते जवळ गेले.

"बसा ना, पाटील. जागा तं पुष्कळ हाय."

पाटलानं त्यांच्याकडं पाहिलं. तो एका पायावरचा भार दुसऱ्यावर घेत होता, दिवसभर उभी असलेली माणसं घेतात तसा.

"पाहून राह्यली माह्याकडं," तो म्हणाला. "पन सरकत नाई ना हो."